परदेशी फिरायला जायचंय? आधी व्हिसा नीट समजून घेऊ



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की स्टाफरूममधल्या गप्पांचा रंगच बदलतो. पूर्वी कोकण, महाबळेश्वर, फार तर काश्मीर असं चालायचं. आता कुणीतरी हमखास म्हणतं, "यंदा युरोप करावा म्हणतोय." शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं-मुली नोकरीसाठी बाहेर आहेत. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स ही नावं आता नाशिक-सोलापूरच्या घरांतही रोजची झाली आहेत. त्यामुळे व्हिसा हा विषय फक्त श्रीमंतांचा राहिलेला नाही.

हा लेख लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. मुलगी जर्मनीत. तिचं पहिलं बाळंतपण एप्रिलमध्ये होतं. बाईंनी डिंकाच्या लाडवांची तयारी केली, बाळासाठी दुपटी शिवली आणि मार्चमध्ये व्हिसासाठी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. बाळ जन्मलं तेव्हा आजी इथेच होती, मोबाईलच्या पडद्यासमोर बसून. बाईंकडे पैसे होते, पेन्शन होती, वागणूक स्वच्छ होती. मग नामंजूर का झाला? ते लेखात पुढे येईलच. त्यासाठी आधी व्हिसा म्हणजे काय ते पाहू.

व्हिसा म्हणजे काय?

पासपोर्ट आपलं सरकार देतं. 'ही व्यक्ती भारताची नागरिक आहे' एवढं तो सांगतो. व्हिसा देतो तो ज्या देशात आपल्याला जायचंय तो देश. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ साधारण 'पाहिलेला, तपासलेला कागद'. म्हणजे त्यांच्या अधिकाऱ्याने आपली कागदपत्रं पाहिली आणि 'या व्यक्तीने यायला हरकत नाही' असं म्हटलं. एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हिसा ही यायची परवानगी आहे, प्रवेशाची हमी नाही. विमानतळावरचा अधिकारी तिथेही प्रश्न विचारू शकतो.

सगळ्या देशांचे नियम सारखे नसतात. नेपाळ आणि भूतानला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. काही देश ऑनलाइन अर्जावर ई-व्हिसा देतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांना मुलाखत द्यावी लागते. सगळं एका लेखात मावणार नाही, म्हणून आज एकच उदाहरण घेऊ. ते म्हणजे युरोपचा शेंगेन व्हिसा. आपल्याकडे बरेच जण 'शेंजेन' म्हणतात. चालतं तेही!

शेंगेन हे नाव कुठून आलं?

लक्झेंबर्ग या छोट्या देशात मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं गाव आहे. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तिघांच्या सीमा तिथे भेटतात. १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनी या पाच देशांनी तिथे नदीवरच्या एका बोटीत बसून करार केला. आपापसातल्या सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करायची, असा तो करार. प्रत्यक्षात ती बंद व्हायला मार्च १९९५ उजाडलं.

आज या गटात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. याउलट आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन तर दोन्हींत नाही. म्हणून 'युरोप टूर'मध्ये लंडन असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. सहावी-सातवीच्या भूगोलाच्या तासाला नकाशावर हे देश रंगवून घ्या, मुलांना मजा येते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा?

इथे पहिली चूक होते. 'ज्याची तारीख लवकर मिळेल त्याच्याकडे करू' असं लोक म्हणतात. नियम तसा नाही. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. समजा पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ५ रात्री, इटली ४ रात्री. तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे.

अर्ज बहुधा दूतावासात नाही, तर त्यांनी नेमलेल्या अर्ज केंद्रात घेतले जातात. केंद्रातली माणसं कागद तपासून पुढे पाठवतात, इतकंच. निर्णय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास घेतो. त्यामुळे 'आमची आत ओळख आहे' असं कुणी म्हणालं तर हात जोडून तिथून निघा.

कधी करायचा?

प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो करायलाच हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक चौकशी करायची असेल तर ४५ दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. सुट्टीच्या हंगामात अर्ज केंद्राची वेळ मिळणंच अवघड असतं. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारीतच कामाला लागा.

कागदपत्रं कोणती आणि का?

यादी प्रत्येक देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर असते, तीच शेवटची समजायची. मी इथे प्रत्येक कागदामागचं कारण सांगते. कारण कळलं की कागद आपोआप नीट जमतात.

१) पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा, गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि निदान २ पानं कोरी हवीत.

२) फोटो. अलीकडचा, ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमीचा. लग्नातला कापून लावू नका!

३) प्रवास विमा. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत आणि राहण्याच्या सर्व दिवसांसाठी. कारण साधं आहे. तिथे आजारी पडलात तर खर्च कोण देणार?

४) जाण्या-येण्याचं आरक्षण आणि राहण्याचा पत्ता. आरक्षण दाखवावं लागतं, पण व्हिसा मिळण्याआधी पूर्ण पैसे भरून रद्द न होणारं तिकीट काढू नये.

५) पैशाचा पुरावा. बँकेची गेल्या काही महिन्यांची विवरणपत्रं, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रक किंवा पेन्शनचे कागद. इथे शिल्लक किती यापेक्षा ती कशी जमली हे जास्त पाहतात. दरमहा येणारी पेन्शन, घरखर्च, थोडी थोडी बचत असं विवरणपत्र खरं बोलतं. अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक आलेली मोठी रक्कम शंका निर्माण करते.

६) परत येण्याचं कारण. अधिकाऱ्याच्या मनातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो, 'ही व्यक्ती मुदतीत परत जाईल ना?' नोकरी, रजा मंजुरीचा आदेश, घर, शेती, शिकणारी मुलं, इथे असलेलं कुटुंब ही सगळी त्याची उत्तरं.

७) बोटांचे ठसे. १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे पुढच्या ५९ महिन्यांत केलेल्या अर्जांना वापरता येतात.

शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो आहे. ६ वर्षांखाली शुल्क नाही. अर्ज केंद्राचा आकार वेगळा. अर्ज नामंजूर झाला तर हे पैसे परत मिळत नाहीत. शिक्षकांसाठी एक उपयोगी गोष्ट: शैक्षणिक कारणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना हे व्हिसा शुल्क माफ आहे. कुणी शाळेची शैक्षणिक भेट आखत असेल तर हे जरूर तपासा.

शिक्षकांनी आणि शाळांनी काय पाहायचं?

आपण स्वतः जाणार असू तर शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी आणि ना हरकत प्रमाणपत्र लागतं. खासगी संस्थेत असाल तर संस्थेचं पत्र. फाईल मुख्याध्यापकांकडून वर जाऊन परत यायला वेळ लागतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तेव्हा व्हिसाच्या आधी या कागदाला हात घाला.

मुलं सोबत असतील तर जन्म प्रमाणपत्र, शाळेचं बोनाफाईड आणि रजेचं पत्र मागतात. मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही लागतं. असं बोनाफाईड मागायला पालक आले की 'उद्या या, परवा या' करू नका. त्यांची केंद्रातली वेळ ठरलेली असते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नावाचं स्पेलिंग! आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव अशी पद्धत. लग्नानंतर बायकांचं आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. एका कागदावर 'लक्ष्मी' इंग्रजीत 'एक्स' घालून, दुसऱ्यावर 'के एस एच' घालून. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, बँकेत नाही. इथे कुणाचं अडत नाही, पण परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. या गोंधळाची सुरुवात कुठे होते? पुष्कळदा आपल्याच शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. पहिलीला प्रवेश देताना घाईत लिहिलेलं एक अक्षर दाखल्यावर उतरतं, तिथून दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि तिथून पासपोर्टवर. म्हणून प्रवेशाच्या वेळी जन्म प्रमाणपत्र समोर ठेवूनच नाव लिहा आणि पालकांना एकदा वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

व्हिसा हातात आला, आता तो वाचायचा कसा?

पासपोर्टवर चिकटवलेल्या कागदावर तीन गोष्टी बघा. पहिली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी, प्रवेश किती वेळा, एकदा, दोनदा की अनेकदा. तिसरी, राहायचे दिवस. पहिली आणि तिसरी गोष्ट एकच समजून लोक फसतात. तारखांमध्ये ३५ दिवसांचं अंतर असेल आणि दिवस २० लिहिले असतील, तर राहता येतात २० दिवसच.

प्रवेशाची संख्याही तितकीच महत्त्वाची. समजा एकदाच प्रवेशाचा व्हिसा आहे. तुम्ही पॅरिसहून लंडनला गेलात आणि तिथून ॲमस्टरडॅमला निघालात. लंडनला जाताना तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, तुमचा एक प्रवेश संपला. ॲमस्टरडॅमला उतरता येणार नाही. असा बेत असेल तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि कारण लिहा.

९० आणि १८० चं गणित

अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. 'कोणत्याही' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. हे १८० दिवस १ जानेवारीला सुरू होत नाहीत आणि आपण पोहोचलो त्या दिवशीही सुरू होत नाहीत. तिथे असताना रोज मागे वळून गेले १८० दिवस मोजायचे, आजचा दिवस धरून.

उदाहरण घेऊ. अनेकदा प्रवेशाचा व्हिसा असलेले एक आजोबा १ एप्रिलला गेले आणि ३० मे रोजी निघाले. पोहोचायचा आणि निघायचा, दोन्ही दिवस धरायचे. एप्रिलचे ३० आणि मेचे ३०, झाले ६० दिवस. आता ते १ ऑगस्टला पुन्हा गेले. किती दिवस राहू शकतात? उरले ३०. म्हणजे ३० ऑगस्टला बाहेर पडायलाच हवं. ३० ऑगस्टपासून मागे १८० दिवस मोजले तर आपण ४ मार्चपर्यंत जातो, म्हणजे एप्रिल-मेचे सगळे ६० दिवस अजून हिशोबात आहेत. १ एप्रिल हा दिवस हिशोबातून गळतो तो थेट २८ सप्टेंबरला. हे गणित मी सातवीच्या वर्गाला कॅलेंडर देऊन घातलं होतं. निम्मी मुलं 'जून-जुलैत ते नव्हतेच, मग नव्याने ९० मिळाले' असं म्हणाली. मोठी माणसंही नेमकं हेच म्हणतात! एक दिवस जरी जास्त झाला तरी तो मुदतभंग असतो आणि पुढच्या अर्जाला आडवा येतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तर सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकावर नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. दिवस यंत्रच मोजतं.

नियम पाळणाऱ्याला फायदाही आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नवी सवलत आली. गेल्या ३ वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील तर पुढे २ वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, ५ वर्षांचा. ९० दिवसांचा नियम मात्र तेव्हाही लागू असतो.

बाईंच्या अर्जात काय चुकलं?

आता आमच्या बाईंकडे येऊ. ओळखीतल्या कुणीतरी त्यांना एका एजंटकडे नेलं. तो म्हणाला, "मुलीकडे जाणार असं लिहू नका, बाळंतपणाचं तर अजिबात नको. त्यांना वाटेल तुम्ही तिथेच राहाल. आपण १२ दिवसांची टूर दाखवू." मग हॉटेलांची खोटी आरक्षणं तयार झाली. खात्यात शिल्लक कमी दिसते म्हणून भाच्याकडून ३ लाख रुपये आठवड्यापूर्वी भरून घेतले. बाईंनी जिथे सांगितलं तिथे सह्या केल्या. चश्मा पिशवीतच होता.

नकाराच्या छापील कागदावर कारण होतं, प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. बाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. आम्ही दोघींनी तो शब्दकोश घेऊन वाचला. त्या एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं गं. आणि माझ्याच फाईलमध्ये खोटं हॉटेल."

गंमत बघा, खोटं बोलायची गरजच नव्हती. नातेवाइकांना भेटायला जाणं हे अल्प मुदतीच्या व्हिसाचं अगदी मान्य कारण आहे. दुसऱ्या वेळी आम्ही सगळं खरं लिहिलं. मुलीचं निमंत्रणपत्र, तिच्या राहण्याच्या परवान्याची प्रत, बाळाचं जन्म प्रमाणपत्र. जर्मनीत यजमानाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन 'पाहुण्याचा खर्च मी करीन' असं अधिकृत जबाबदारीपत्र करून देता येतं, ते तिने केलं. बाईंनी स्वतःच्या पेन्शनचे कागद, घराचे कागद आणि एक पानी पत्र जोडलं. भाच्याचे पैसे परत केले. पहिला नकारही पत्रात लपवला नाही. तो लपवून उपयोगही नसतो, कारण अर्जांच्या नोंदी शेंगेन देशांच्या सामाईक संगणकात पाच वर्षं राहतात.

नकार आला तर एवढं लक्षात ठेवा. कारण लेखी मिळतं, ते शांतपणे वाचा. त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क असतो, पद्धत त्या देशाच्या कायद्यानुसार ठरते. चूक सुधारून नव्याने अर्जही करता येतो. एका नकाराने दार कायमचं बंद होत नाही. खोट्या कागदांनी मात्र ते होऊ शकतं.

थोडक्यात सांगायचं तर

• अर्ज आपला, सही आपली, म्हणून प्रत्येक पान वाचूनच सही करा. एजंटने भरला तरी जबाबदारी आपलीच.
• हेतू खरा लिहा आणि सगळे कागद त्याच हेतूशी जुळू द्या.
• नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणे ठेवा.
• नियम आणि शुल्क बदलतात. अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा पाहा.
• घरातल्या वडीलधाऱ्यांचा अर्ज असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा आणि तो मराठीत समजावून सांगा.

बाईंना ऑगस्टमध्ये व्हिसा मिळाला. नात तेव्हा चार महिन्यांची झाली होती. बारसं हुकलं, पहिलं हसू हुकलं, ते काही परत येत नाही. पण त्या ७८ दिवस राहून मुदतीत परत आल्या. रोज रात्री कॅलेंडरवर एक एक दिवस खोडत होत्या म्हणे, गणिताच्या बाई ना! शिक्षक दिनाला शाळेत आल्या नाहीत म्हणून आम्ही फोन केला, तर मागून बाळाचा आवाज येत होता.

लेख उपयोगी वाटला तर ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा आपल्या ओळखीच्या आई-वडिलांपर्यंत नक्की पोहोचवा. आणि ते १ एप्रिलचं गणित वर्गात घालून बघा, मुलं काय उत्तर देतात ते मलाही कळवा.